धाकटीची सही

ताईने धाकटीला कारखान्यात बोलावलं ते दोन महिन्यांपुरतं. धाकटी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. सुट्टी होती म्हणून गेली आणि पुढची एकोणतीस वर्षं तिथेच अडकली.

ताई आधी रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर बसायची. बाहेरून येणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने पोचत नाहीत, याला वैतागून तिने बंद पडलेल्या छापखान्याच्या दोन खोल्या घेतल्या आणि गोळ्या पाडायचं यंत्र बसवलं. गावात असलं काही कुणी केलं नव्हतं. लोक तिला धाडसी म्हणायचे. त्या धाडसामागून पसारा कोण आवरतं, ते धाकटीलाच ठाऊक. ताई काही म्हणजे काही लिहून ठेवायची नाही. मिश्रणात काय बदललं ते फक्त तिच्या डोक्यात.

एकदा तापाच्या गोळ्यांची मोठी खेप तयार झाली. दारात गाडी उभी. खेप बाहेर पडायला धाकटीची सही लागायची. तिने नेहमीप्रमाणे सहा गोळ्या पाण्यात सोडल्या. पंधरा मिनिटांत विरघळायला हव्या होत्या. चाळीस मिनिटांनीही तळाशी ढिम्म.

"सही कर, गाडीवाला खोळंबलाय," ताई म्हणाली.

"या विरघळत नाहीत."

"पोटात ऊब असते गं. तिथे विरघळतील."

"मग पोटाचीच सही घे."

ताईचा पारा चढला. गाडी रिकामी परत गेली. तीन दिवस दोघी एकाच टेबलावर जेवत होत्या आणि मीठसुद्धा यंत्रावरच्या मावशींमार्फत मागत होत्या. चौथ्या दिवशी मावशीच कंटाळल्या. "मोठ्या बाईंनी डिंक दुप्पट घालायला सांगितला होता. वाटेत गोळ्या फुटतात म्हणून."

धाकटीने कपाळाला हात लावला. तीन दिवस ती यंत्र, पाणी, पावडर, सगळं तपासत बसली होती.

"मला एका शब्दाने सांगता आलं नाही?"

"सांगणारच होते," ताई पुटपुटली. मग उठली आणि चाळीस हजार गोळ्या स्वतःच्या हाताने खड्ड्यात ओतल्या. मदतीला कुणाला येऊ दिलं नाही. नऊच्या नऊ कामगारांना बोलावून म्हणाली, "चूक माझी आहे. यापुढे मी सांगितलं तरी धाकटीने लिहून दिल्याशिवाय काही बदलायचं नाही."

धाकटीचा राग विरघळला, तो जेमतेम पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी ताईने गोळ्यांचा रंग बदलला. धाकटीने कोठाराच्या किल्ल्याच काढून घेतल्या.

कारखाना वाढला, माणसं दोनशेवर गेली. ताईचा सत्कार ठरला तेव्हा धाकटीने भाषण लिहून दिलं. ताईने तो कागद हरवला आणि व्यासपीठावरून जाहीर केलं, की आता आपण इंजेक्शनंही बनवणार, जागा घेतली आहे. पहिल्या रांगेत बसलेल्या धाकटीला ते तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी जागा बघायला गेल्या, आणि इथे पाणी कुठून आणणार यावरून पुन्हा जुंपली.