गच्चीवरचा चुना

उन्हाळा लागला की आमच्या सोलापुरात गच्चीला चुना मारतात. पांढऱ्या गच्चीवरून ऊन परत फिरतं आणि खालची खोली जरा निवते. काल संध्याकाळी बायको कुंचा फिरवत होती, मी बादली धरली होती, तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला नोकरीला असते.

"बाबा, यंदा बर्फ बघा किती लवकर गेला," म्हणत तिनं खिडकीतून डोंगर दाखवला. गेल्या वर्षी याच दिवसांत तो पांढराशुभ्र होता; आता काळी जमीन उघडी पडली होती. उघडी जमीन ऊन पिते, तापते आणि शेजारचा बर्फही वितळवते, असं ती सांगत होती.

बायकोचा हात थांबला. "अगं बाई, म्हणजे वरचा चुनाच निघाला की गं!"

मुलगी हसली नाही. मीही नाही. एवढ्या लांबचा तो डोंगर, पण त्या गच्चीखाली आपण सगळेच राहतो.

फोन ठेवल्यावर बायको उरलेल्या कोपऱ्याकडं वळली. तिचा कुंचा फिरेल तिथं गच्ची पांढरी होत होती. त्या वरच्या गच्चीचा चुना आपल्याला काढता आला; मारता मात्र येत नाही.