मामांचा विधुर सारस

पक्षी बघायला जाऊन तळ्यावरचा एकूण एक पक्षी उडवून लावणारा पक्षिवेडा साऱ्या बुंदेलखंडात एकच, आणि ते आमचे मामेसासरे. उभा जन्म रेल्वेत गार्डाची शिट्टी फुंकण्यात गेलेला. हळू बोलणं त्यांच्या घशाला ठाऊकच नव्हतं. "जावईबापू, तो बघा चमचा!" असं ते माझ्या कानात सांगत, तोवर चमचे, शेकाटे, बगळे सगळे आभाळात पोचलेले असत. मग दुर्बीण पुसत म्हणत, "फार भित्रे झालेत हल्ली." थंडीत दर रविवारी नगरा या आमच्या वस्तीतून ते माझ्या स्कूटरवर मागे बसत आणि त्यांनी हिरवा रुमाल हलवल्याशिवाय मी स्कूटर काढायची नाही, असा नियम होता. उत्तरेकडची बदकं यायला उशीर झाला तर ते पक्ष्यांना कधी दोष देत नसत. "पुढे सिग्नल मिळाला नसेल," म्हणायचे.

मामी गेल्या त्याच वर्षी तळ्यावरच्या सारसाची मादी विजेच्या तारेला लागून मेली. जाळं सुकवणारा कोळी म्हणाला, "बाबूजी, जोड़ीदार मर जाय तो सारस दूसरो घर नईं बसात." झालं! मामांनी तो सारस जणू दत्तकच घेतला. आता आठवडाभर ते एकटेच सायकल मारत जात आणि पाणथळीच्या काठावर त्याच्यासमोर बसून राहत. पुण्याहून लेक फोनवर रडायची, "बाबा, तिथे आता तुमचं आहे कोण?" मामा ओरडत, "सारस आहे! त्याला एकटं टाकून येऊ?" लेक कपाळावर हात मारून घेई. मला मात्र, खरं सांगतो, ते ऐकून बरं वाटे. माझी मुलं मराठी समजतात, पण उत्तर देतात 'हाँ पापा'. बायकोला घर आणि शाळेची नोकरी यांतून मान वर करायला फुरसत नाही. मनातलं बोलायला मला मामाच होते.

एका रविवारी धुकं विरलं आणि समोर दोन सारस उभे! मान वर करून दोघं एकसुरात ओरडले, पंख पसरून नाचले. मी घाईघाईनं म्हटलं, "कोणी पाहुणा असेल. जाईल उद्या."

"नाही हो," मामा म्हणाले, "हा संसार आहे." बराच वेळ ते बघत राहिले. डोळे पुसले, हसले, पुन्हा पुसले. "सुटला बिचारा," म्हणाले. मग दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. "चला. पोरीला फोन लावू."

होळीच्या आत ते पुण्याला गेले. परवा त्यांचा फोन आला. जोडीची खुशाली विचारून झाली, अंडी घातली का तेही झालं. मी न राहवून म्हटलं, "मामा, या ना परत."

मामा म्हणाले, "पोरीला काय सांगून येऊ हो? आता तिथे एकटं कोण आहे?"

'माझं नाव सांगा' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण आत बायको पोळ्या लाटत होती, मुलं टीव्हीसमोर हसत होती. भरल्या घरात उभं राहून ते काही मला म्हणता आलं नाही.