पाण्याच्या कॅनपुढची सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, लेकीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

तसं आमचं छान चाललंय हो. बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं काढली, निवृत्तीनंतर नेहरू नगरात घर बांधलं. सकाळी सुनंदा मोगरा वेचते, मी चहा करतो. तक्रारीला जागा नाही. पण उन्हाळ्यात गाडीने नागपूरला, तिच्या माहेरी निघायचं म्हटलं, की मला निघावंसंच वाटत नाही.

कारखान्यात मी सुरक्षा विभागात होतो. तिथे प्रत्येक कामाचं कार्ड असायचं — जो करेल त्याने सही करायची, म्हणजे चूक कुणाची हे शोधत बसायला नको. आणि माझी हौस बघा — सासरी जायचं, तरी मी घरी तसंच कार्ड केलं! टायरची हवा, रेडिएटरचं पाणी, पंख्याचा पट्टा — माझी सही. कांदे, पन्हं, सुरई, आणि डिकीत जादा पाण्याचा कॅन — सुनंदाची.

एका वर्षी मे महिन्यात मला सुरक्षेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. भलंमोठं लंबकाचं घड्याळ. ते सासऱ्यांना दाखवायचं होतं — मिरवायचं होतं, आता काय लपवू? खोकं डिकीत मावेना. सुनंदा आत लेकीची वेणी घालत होती. मी भरलेला कॅन काढला, न्हाणीघरात नेऊन ठेवला आणि घड्याळ बसवलं. कार्डावर तिची सही तशीच राहिली. म्हटलं, एवढ्याने काय होतंय?

बैतूलच्या घाटात, भर दुपारी, इंजिन तापून वाफा यायला लागल्या. लेक चार वर्षांची, तोंड लालबुंद. सुरईत जेमतेम दोन पेले पाणी. सुनंदाने डिकी उपसली, मग कार्ड काढून स्वतःची सही बघितली.

"अहो, ठेवल्याचं मला अगदी डोळ्यांसमोर आहे," ती म्हणाली. "आणि नाहीये. पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

तेव्हाच बोलायला काय झालं होतं? एकच वाक्य होतं. पण मी — कसं सांगू — मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, असू दे, होतं असं. वर हा मोठेपणा! एका ट्रकवाल्याने मला हिंदीत चार शब्द सुनावले आणि पाणी दिलं. तासाभराने लेक हसायला लागली.

इथेच थांबलो असतो तरी... परतल्यावर कुलूप मी उघडलं. सरळ न्हाणीघरात गेलो, कॅन उचलला आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवला. ती तिथेच भरायची, म्हणजे तिथेच राहिला असं दिसावं.

तेव्हापासून ती गॅस तीनदा बघते, कुलूप ओढून बघते, कोपऱ्यावरून परत येते. लेक, जावई चिडवतात, "आई, कॅन घेतलास ना?" सगळ्यात जास्त तीच हसते. मीही हसतो. घड्याळ हॉलमध्ये आहे, अजून वेळ बरोबर दाखवतं.

उद्या सकाळी निघायचंय. कार्ड तिनेच लिहिलंय. पाण्याच्या कॅनपुढे मात्र तिने त्यानंतर कधीच सही केली नाही. "तुम्ही करा बाई, माझा मला भरवसा नाही," म्हणते आणि पेन पुढे करते.

आजही केलं. मी सही केली.