नळी काढायची राहिली

नव्वदनंतरची गोष्ट. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लग्नाचे कोट शिवायच्या कारखान्यात मी कारागीर होतो. शाळेत गेलो नाही, टेपवरचे आकडे तेवढे वाचायचो आणि तेवढ्यावर जगाला अक्कल शिकवायचो.

एक दिवस डाव्या कुशीत अशी कळ आली की मशीनखाली लोळलो. शेठ ओरडला, "नाटक मत कर!" मग माझा घाम बघून त्यानेच रिक्षात घातलं.

डॉक्टर म्हणाले, खडा अडकलाय, लघवी मागे तुंबून किडनी फुगलीय. खडा काढला आणि किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक बारीक, मऊ नळी आत ठेवली. दोन्ही टोकांना वळलेली, म्हणजे सरकायला नको.

"सूज उतरेपर्यंत लघवीचा रस्ता उघडा राहील. महिन्याने या, काढून टाकू. विसरू नका."

मी कसला जातोय! कळ गेली होती. लघवीला सारखं पळावं लागायचं, ते चालवून घेतलं. बायको म्हणायची, "अहो, महिना झाला." मी म्हणायचो, "बसलेलं फिटिंग उसवायचं कशाला?" राहायला बदलापूर गावात होतो, तिथल्या टपरीवर तर छाती काढून सांगायचो, आपल्या आत इंपोर्टेड माल आहे.

सात महिन्यांनी एका नवरदेवाची ट्रायल घेताना थंडी वाजून आली. हुडहुडी अशी भरली की टाचणी त्याच्या दंडातच घुसली. तो बोंबलला, मी खाली बसलो. लघवी लाल झालेली.

डॉक्टरांनी फोटो काढला. नळीवरच खडे चढले होते.

"किडनी वाचेल का, आत्ता सांगता येत नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "कोटाला आधी कच्चा दोरा घालता ना? गिऱ्हाइकाला तसाच देता?"

"छे! उसवतो ना."

"मग ही नळी?"

मी बायकोकडे बघितलं. तिला उत्तर सुचत होतं, पण ती रडत होती.

दोनदा ऑपरेशनला आत नेलं. आधी खडे फोडले, मग नळी ओढून काढली. ती मऊ नळी खडूसारखी कडक झालेली. ताप उतरल्यावर पुन्हा तपासलं. किडनी वाचली होती.

डावी जरा मंद चालते, उजवी तिचंही काम ओढते. मी लघवीला पळालो की कारखान्यात माझ्या शेजारचा कारागीर माझं काम ओढायचा, तसंच.