लेडीज टेलरचा गोल ट

"ह्या अक्षरं शेतस का बुंदीना लाडू?"

आत्या फ्लेक्सवाल्या दादाच्या खुर्चीमागे उभी राहून स्क्रीनकडे बघत होती. म्हसावदला तिचं शिवणकामाचं दुकान सुरू होणार होतं आणि त्याचा बोर्ड करायला आम्ही शहाद्याला आलो होतो. दादा हसला. मीही हसले. कुणी हसलं की आपणही हसून घ्यायचं, ही माझी जुनी सवय.

लाडू माझे होते. तो जाड, गोलगरगरीत फॉन्ट मी केला होता, खोलीचं दार लावून, घरच्यांना 'ऑफिसचं काम' सांगत. वर्तुळ आणि सरळ रेघ एवढ्यावर सगळी अक्षरं उभी करायची, टोकं बोटांसारखी गोल ठेवायची, असा हट्ट. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मराठी हा माझा सगळ्यात कच्चा विषय. बाई वहीवर 'अक्षर सुधार' लिहायच्या. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. ळ जमेना तेव्हा कळसाडी, रनाळे, पुन्हा कळसाडी असं लिहीत बसायचे, जणू एसटीच्या पाट्याच रंगवायच्या होत्या. या फॉन्टवर मी नेटवर लांबलचक लेखही लिहिला होता, इंग्रजीत आणि टोपणनावाने. बोर्डासाठी तो दादाला दिला तेव्हा आत्याला मात्र सांगितलं, "नेटवर फुकट मिळाला." नाही आवडला तर दोष नेटचा.

दादाने 'लेडीज टेलर' बोर्डाच्या मधोमध ठेवलं. दोन्ही बाजूंना जागा उरली. आमच्याकडे बोर्डावर जागा उरणं म्हणजे पंगतीत भाजी न वाढता पुढे जाणं. त्याने कोपरा धरून अक्षरं ओढली. ट आडवा पसरला, ड बसकट झाला. बोर्ड कडेपर्यंत भरला.

"हां, आता कसं भरेल दिसी ऱ्हायनं," आत्या म्हणाली.

"जरा... तसं नको ना," मी म्हणाले, पंख्याच्या आवाजाखालून.

दादाला ऐकू गेलं. "फॉन्ट शे मॅडम, त्याले काय व्हई?"

"आन फुकटना शे," आत्या म्हणाली. "ताण भो."

त्याने फाइल छपाईला पाठवण्यासाठी माउस हलवला. एकदा छापलं की तो दमलेला, पसरट ट म्हसावदच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं लोंबणार आणि आत्याकडे ब्लाउज शिवायला जाताना मी मान खाली घालणार. तशी मी ती एरवीही खालीच घालते. पण हे अडवायचं तर अक्षरं मीच केलीत हे सांगावं लागणार होतं. मनात वाक्य आधी इंग्रजीत जुळलं, मग पुस्तकी मराठीत, 'कृपया'सकट. तोंडातून आली मात्र अहिराणी, जी मी घरात नुसती ऐकते. आणि आली तीही इतक्या मोठ्याने, की बाहेर झेरॉक्ससाठी उभे असलेले लोक वळून बघायला लागले.

"दादा, ताणू नका. त्या अक्षरं मी करेल शेतस."