मामाजींनी कबूल केलेले दोन पेपर

माझे सासरे, म्हणजे मामाजी, परवा गेले, आणि माझी पीएचडी अर्धवट टाकून गेले.

पीएचडी माझीच आहे, स्टॅटिस्टिक्समध्ये. पण आमच्या वरवट बकाल गावात कुणालाही विचारा, ती करत मामाजीच होते.

कोर्सवर्क लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, "लगन झालं, लेकरू झालं, आता पुन्हा परीक्षा काऊन?"

मी सांगितलं, आधी थिअरी शिकायची, परीक्षा द्यायची, मगच संशोधन.

"म्हंजे पेरनीच्या आधी वखरनी."

झालं. तेव्हापासून घरात कोर्सवर्कला कुणी कोर्सवर्क म्हटलंच नाही. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारायच्या, "झाली का वो तुही वखरनी?"

वखरणी झाली. खरी पंचाईत पुढे होती.

दर सहा महिन्यांनी खामगावच्या रिसर्च सेंटरमध्ये तीन जणांच्या समितीपुढे प्रोग्रेस दाखवायचा. शेरा 'समाधानकारक' आला तर पुढे जायचं. लागोपाठ दोनदा 'असमाधानकारक' आला की रजिस्ट्रेशन रद्द.

मला एकदा आला होता.

कारण समितीला नेमकं काय हवंय, ते समितीलाच ठाऊक नव्हतं. आधी म्हणाले सिम्युलेशन वाढवा. वाढवलं. मग म्हणाले, खरा डेटा कुठंय? आणला. तर म्हणे, सिम्युलेशन जरा जास्तच झालंय.

पुढच्या मीटिंगला निघताना मी रडकुंडीला आले होते. मामाजींना मार्केटात वांगी टाकायला खामगावला जायचंच होतं. म्हणाले, "मी येतो संग."

मला वाटलं, बाहेर बाकावर बसतील.

शिपायाने माझं नाव पुकारलं. मामाजींनी टोपी झटकली आणि माझ्या आधी आत शिरले.

आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत मुलगी स्वतः बोलत नाही. तिच्याकडचं वडीलधारं माणूस बसतं, समोरच्यांची मागणी विचारतं, आणि ठरलं की सुपारी फोडतात. सुपारी फुटल्यावर शब्द फिरवायचा नाही. मामाजींनी आयुष्यभर अशा बैठका केल्या होत्या. त्यांना हीसुद्धा त्यातलीच एक वाटली.

समितीतले माझे गाइड सर गोंधळले. "आपण कोण?"

"पोरीकडचा."

माझ्या लग्नाच्या बैठकीत हेच मामाजी मुलाकडचे म्हणून लोडाला टेकून बसले होते. माझ्या बाबांनी तीनदा विनवलं तेव्हा कुठे चहाला हात लावला. आणि इथे खुर्चीच्या टोकावर बसून हात जोडत होते.

"साहेब, काय पाह्यजे ते एकडाव सांगून टाका. दर डावाले नवी मागनी बरी नाही दिसत. पोरगी वायून काडी होऊन राह्यली."

बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "बरं. एक पेपर छापून येऊ दे, मग थीसिस द्या."

मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. तेवढ्यात मामाजी ताठ झाले.

"एकच? एक काय शोभते मॅडम! आमच्या घरची पोरगी हाये. दोन घ्या!"

मी मागून त्यांचा सदरा ओढला. उपयोग शून्य.

सरांनी घाईघाईने 'दोन' लिहून घेतलं. समितीचं एवढं झटपट एकमत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग मामाजींनी खिशातून अडकित्ता काढला, प्रोजेक्टरशेजारी सुपारी फोडली आणि तिघांच्या हातावर ठेवली.

"मी सुपारी खात नाही हो," मॅडम म्हणाल्या.

"मंग मुठीत धरा. पन आता शब्द फिराचा नाही."

शेरा आला: समाधानकारक. आणि खरं सांगते, त्यानंतर समितीने एकही नवी मागणी केली नाही.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "मामाजी, एक पेपर लिहायला वर्ष जातं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तेवढं विचाराचं राह्यलं."

पण शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसापासून मी लॅपटॉप उघडला की दारात मामाजी. आलेला पाहुणा ओसरीवरूनच परत. "सूनबाई पेपरात हाये."

पेपर रिव्ह्यूअरकडे अडकला तेव्हा म्हणाले, "त्याचं गाव कोन्तं? जाऊन भेटू. वांगे नेऊ."

मी सांगितलं, रिव्ह्यूअरचं नाव गुप्त असतं.

"नाव लपवते म्हंजे मानूस बरा नाही."

पहिला पेपर छापून आला. मामाजी गावभर पेढे वाटत सांगत होते, "थोरला उजवला, आता धाकटा राह्यला."

धाकटा अजून रिव्ह्यूमध्येच आहे.

आज गाइड सर भेटायला आले. सतरंजीवर बसले. मग सर आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "हिची पुढची मीटिंग तोंडावर आली आहे. आपण मुदतवाढ घेऊ. समिती समजून घेईल."

आत्याबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला.

"काऊन? त्याहीनं तुमाले शब्द देल्ला ना? मंग तारीख हाये तेच राहू द्या."

सरांनी मान डोलावली.

"अन् मी येतो तिच्या संग," आत्याबाई म्हणाल्या.

आमच्याकडे बैठकीत बायका बसत नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा आत्याबाई इकडेच होत्या, घरी. काय ठरलं ते त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं. सरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"पोरीकडून कोनी तं बसाले पाह्यजे."

परवापासून मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

या आता निवांत, मामाजी. धाकटा पेपर मी उजवते.