स्पेनची घसरण

अमेरिकेत स्टेट कॉलेज या गावी पीएचडीच्या पाचव्या वर्षी माझ्या थीसिसमध्ये एकच गोष्ट मिरवण्यासारखी होती, ती म्हणजे एक चार्ट. नेदरलँड्स आणि स्पेन या दोन देशांनी वर्षानुवर्षं बाहेरून किती तेलबिया आणल्या, त्याचा. नेदरलँड्सची रेघ आपली सरळ चाललेली, स्पेनची मध्येच धाडकन खाली. ती का पडली यावर मी तीन चॅप्टर लिहिले होते. सरकारी धोरणं, लोकांच्या खाण्याच्या सवयी, काय वाट्टेल ते! याच थीसिसवर मॉरिसव्हिल गावातली नोकरी ठरली होती, आणि नोकरीवर माझं अमेरिकेत राहणं.

एका रविवारी सकाळी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हिडिओ कॉलवर तो चार्ट दाखवला. लातूरला त्यांनी जन्मभर तेलाचा घाणा चालवला. चष्मा कपाळावर सरकवून ते स्क्रीनला नाक लावून बघत बसले.

"अगं, एका वर्षात एवढं पडतंय होय? आधी दाणे मोजले नि मग तेल, असं तर नाही ना झालं? पोतंभर दाण्यातून डबाभर तेल निघतं बाई, बाकी सगळी पेंड."

"राहू द्या हो अण्णा," मी म्हटलं. "हा डेटा आहे, तुमचा घाणा नाही." आणि वर हसले. कसला माज होता मला! आई जेवायला बोलावतेय म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

थीसिसच्या शेवटच्या परीक्षेत कमिटीतल्या एका बाईंनी नेमकं तेच विचारलं. मी फाइल उघडली. स्पेनची जुनी वर्षं एका फाइलमधून घेतलेली, त्यात बियांचं वजन. पुढची वर्षं दुसरीतून, त्यात त्या बियांतून निघणाऱ्या तेलाचं. दोन्ही मीच एकाखाली एक पेस्ट केलेली. स्पेन कुठंही घसरला नव्हता. घाणेवाल्याची पोर मी, आणि ही चूक माझी! तिन्ही चॅप्टर गेले. फंडिंग आधीच संपलं होतं. मॉरिसव्हिलवाल्यांनी महिनाभर वाट पाहिली आणि ऑफर कॅन्सल केली. मी परतीचं तिकीट काढलं. त्या दिवसांत सकाळी उठावं कशासाठी, हेच मला समजत नव्हतं.

घरी सांगायला मी फार उशीर केला. सांगितलं तेही फोनवर, अर्धवट. चार्ट चुकला म्हटलं, काय चुकलं ते गिळलं.

अण्णा म्हणाले, "माझंच चुकलं बघ. तुझं काम ऐन रंगात आलेलं, आणि मी उगाच अडाण्यासारखं विचारून तुझं मन बिथरवलं. मला काय कळतंय त्यातलं?"

फक्त तुम्हालाच कळलं होतं, एवढंच म्हणायचं होतं.

"जाऊ द्या अण्णा," मी म्हटलं, जणू मीच त्यांना माफ करत होते.